सावकाश आलेला न्यूट्रॉन युरेनियम कसा फोडतो? घणावर काम करणाऱ्याचा प्रश्न

घणावरचा (सातपूर)

नमस्कार मंडळी. सातपूर एमआयडीसीत फोर्जिंगच्या कारखान्यात आहे मी, ड्रॉप हॅमरवर. या दिवाळीला 19 वर्षं होतील. शिक्षण आयटीआयचं, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी दहावीला आहे. परवा सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला घरी आलो तर ही विज्ञानाचं पुस्तक मांडीवर घेऊन जागीच. युरेनियम-235 वर न्यूट्रॉनचा मारा केला की तो फुटतो, बेरिअम आणि क्रिप्टॉन होतात, तीन न्यूट्रॉन सुटतात, ऊर्जा मिळते. एवढं तिला पाठ. पण शिकवणीच्या वहीत खाली एक ओळ होती: न्यूट्रॉन मंद असेल तर विखंडन जास्त होतं. तिने तिथे विचारलं तर 'लिहून घे, एका मार्काला येतं' म्हणाले. मग मला म्हणते, "पप्पा, तुम्ही रोज घण मारता. हळू मारल्यावर जास्त फुटतं असं कधी झालंय का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे टप, म्हणजे हॅमरचं वरून पडणारं वजन, जितक्या उंचावरून येईल तितकं लोखंड दबतं, एवढंच मला माहीत. ती पुढे विचारते, युरेनियम-238 तर 235 पेक्षा जड आहे, तीन न्यूट्रॉन जास्तच आहेत, मग तो का फुटत नाही? आणि एवढा बारका न्यूट्रॉन, तोही सावकाश आलेला, त्याच्यात ती सगळी ऊर्जा कुठून आली?

मार्कांसाठी नाही विचारत. तिला खरंच कळून घ्यायचंय, आणि आता मलाही. कुणी नीट सांगेल का?

निवृत्त पाळीवाला (गंगापूर रोड)

दादा, लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. मी 27 वर्षं तारापूरला अणुभट्टीच्या कंट्रोल रूममध्ये पाळ्या केल्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी मलाही नेमकं हेच कोडं पडलं होतं.

सगळी गल्लत 'मारा' या शब्दाने होते. मारा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे घण, गोळी, दगड येतो. न्यूट्रॉन यातलं काही करत नाही. तो केंद्रकाला, म्हणजे अणूच्या गाभ्याला, फोडायला जात नाही, तो केंद्रकात सामील होतो. फुटणं ही त्यानंतरची गोष्ट.

पावसाळ्यात अळूचं पान बघा. माझ्या कुंपणाला लागून आळू आहे, सध्या रोज बघतो. पानावर पाण्याचा टपोरा थेंब असतो. पाणी स्वतःला धरून ठेवतं म्हणून तो गोल राहतो. पान हलवलं की थेंब लांबट होतो, आखडतो, पुन्हा लांबतो. थेंब मोठा असेल आणि फार लांबला तर मध्ये कंबर बारीक होते आणि एकाचे दोन होतात. युरेनियमचं केंद्रक असाच थेंब आहे, फक्त काठोकाठ ताणलेला. आत 92 प्रोटॉन आहेत आणि ते सगळे एकमेकांना दूर लोटतायत. प्रोटॉन-न्यूट्रॉनना चिकटवून ठेवणारं केंद्रकीय बल जबरदस्त आहे खरं, पण ते फक्त शेजाऱ्यापर्यंत पोचतं. विजेचं लोटणं मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतं. लोखंडाच्या केंद्रकात 26 प्रोटॉन, तिथे धरून ठेवणारा पक्ष सहज जिंकतो. 92 ला येईपर्यंत दोन्ही पक्ष जवळजवळ बरोबरीत येतात.

अशा थेंबात एक न्यूट्रॉन बाहेरून येऊन मिसळला की काय होतं? केंद्रकीय बल त्याला आत ओढून घेतं. विहिरीत दगड पडताना जशी ऊर्जा सुटते, तशी त्याच्या आत पडण्याने सुटते. न्यूट्रॉन कितीही सावकाश आलेला असो, ही ऊर्जा मिळतेच, कारण ती त्याच्या वेगातली नाहीच. 235 मध्ये न्यूट्रॉन पडला की सुमारे 6.5 एमईव्ही सुटतात. एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, केंद्रकांच्या हिशोबाचं माप. त्यापुढे सावकाश न्यूट्रॉनची स्वतःची ऊर्जा किती? 0.025 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एक नाही, दोन नाही, पंचवीस-सव्वीस कोटी पटींचा फरक आहे. म्हणून त्याचा वेग हिशोबात धरलाच नाही तरी चालतं.

ही 6.5 ची ऊर्जा सगळ्या थेंबाला मिळते. तो डुलायला लागतो, लांबतो, कंबर पडते. एकदा दोन भाग पुरेसे दूर गेले की धरून ठेवणारं बल तिथवर पोचत नाही, विजेचं लोटणं मात्र पूर्ण जोरात असतं.

आता 238 चं. आपण नाशिककर, तेव्हा कसारा घाट डोळ्यापुढे आणा. थेंबाला तुटण्याआधी ताणलं जाण्याचा एक घाट चढावा लागतो. त्याची उंची दोन्ही युरेनियमना साधारण सारखीच, 6 एमईव्हीच्या आसपास. 235 ची गाडी न्यूट्रॉन घेताच साडेसहाच्या जोराने निघते आणि घाट ओलांडून इगतपुरीत उतरते. 238 ला न्यूट्रॉन मिळाला तर सुटतात फक्त 4.8. गाडी घाटातच अडकते. तिला मागून बँकर इंजिन लागतं, म्हणजे न्यूट्रॉनने स्वतःच्या वेगातून वरचे सव्वा-दीड एमईव्ही आणायला हवेत. तेव्हा 238 च्या बाबतीत तुमचा घणाचा न्याय खरा ठरतो. तिथे वेग लागतोच.

साडेसहा आणि 4.8 असा फरक का, तर जोडीमुळे. न्यूट्रॉनना आत जोडीजोडीने राहणं मानवतं. 235 मध्ये 143 न्यूट्रॉन, एक बिनजोडीचा. फुगडीला एक पोरगी एकटीच उभी असावी आणि दुसरी धावत यावी, तसं नव्याचं स्वागत होतं. जोडी जमते, जास्त ऊर्जा सुटते. 238 मध्ये 146, सगळ्यांच्या जोड्या आधीच जमलेल्या. येणारा एकटा पडतो, कमी सुटते. एवढ्याशा फरकावर जगातल्या बहुतेक अणुभट्ट्या चालतात. मला आजही याचं नवल वाटतं.

घणावरचा (सातपूर)

काका, तुमचं उत्तर जेवणाच्या सुट्टीत वाचलं, मग घरी जाऊन मोठ्याने वाचून दाखवलं. फुगडीवर ती लगेच म्हणाली "कळलं".

आमच्या कामातलं एक आठवलं, बरोबर आहे का सांगा. बिलेट, म्हणजे घडवायचा लोखंडाचा तुकडा, थंड असलं तर हॅमर कितीही मारा, डाय (साचा) फुटेल पण माल भरणार नाही. तेच बिलेट भट्टीतून 1200 अंशाला काढलं की तोच घाव पुरतो. म्हणजे काम घाव करत नाही, आधी आत गेलेली उष्णता त्याला तयार करते. न्यूट्रॉन हा घणापेक्षा भट्टीसारखा म्हणायचा का?

पण एक गोष्ट अजून बसली नाही. वेग हिशोबात नाही, तर सावकाश काय आणि जोरात काय, 235 ला दोन्ही सारखेच हवेत. मंद जास्त चांगला का?

टीवायची विद्यार्थिनी (नाशिकरोड)

दादा, या भागाचं मी सांगते, आत्ताच सेमिस्टरला होता.

तुमची शंका अगदी योग्य आहे. वेगवान न्यूट्रॉनही 235 ला फोडतो. प्रश्न फोडण्याचा नाही, सापडण्याचा आहे. विखंडनातून सुटणारे न्यूट्रॉन सरासरी 2 एमईव्हीचे असतात, वेग सेकंदाला जवळजवळ 20,000 किलोमीटर. पाण्यात किंवा ग्राफाइटमध्ये आपटत आपटत आजूबाजूच्या तापमानाला आलेला न्यूट्रॉन सेकंदाला 2.2 किलोमीटरने जातो. मेनरोडवरून कुणी बाईकवर सुसाट गेलं तर दुकानदार हाक मारेपर्यंत ते रविवार कारंजाला पोचलेलं असतं. पायी रमतगमत जाणारा मात्र दुकानात ओढला जातो. न्यूट्रॉन केंद्रकाजवळ जितका जास्त वेळ, तितकी धरला जाण्याची शक्यता जास्त. वेग निम्मा केला तर शक्यता साधारण दुप्पट होते.

ही तुलना अर्धीच खरी आहे, कारण न्यूट्रॉन हा नुसता कण नाही, लाटही आहे. जितका सावकाश तितकी लाट लांब. त्या मंद न्यूट्रॉनची तरंगलांबी केंद्रकाच्या रुंदीच्या दहा-बारा हजार पट असते. अशा पसरलेल्या लाटेला केंद्रक 'चुकवून जाणं' या बोलण्यालाच फारसा अर्थ राहत नाही.

आकडे सांगते, मला त्यानेच पटलं. केंद्रक किती मोठं लक्ष्य दिसतं ते 'बार्न'मध्ये मोजतात. युरेनियमच्या केंद्रकाचं खरं क्षेत्रफळ दोन बार्नच्या आतच आहे. पण मंद न्यूट्रॉनला 235 विखंडनासाठी 585 बार्न एवढं मोठं 'दिसतं'. वेगवान न्यूट्रॉनला तेच 1 बार्नच्या आसपास. पाचशे पट फरक! वहीतल्या 'विखंडन जास्त होतं' या ओळीचा अर्थ एवढाच.

आणि सामील झाला की दर वेळी फुटतंच असं नाही. साधारण सातातला एक न्यूट्रॉन 235 नुसता गिळतो, गॅमा किरण सोडतो आणि 236 होऊन बसतो.

निवृत्त पाळीवाला (गंगापूर रोड)

पोरी, छान सांगितलंस. दादा, भट्टीची तुलना मला फार आवडली. एकच दुरुस्ती: तुमचं बिलेट तापवून सुद्धा घण लागतोच. इथे तापल्यावर पुढचं काम प्रोटॉनचं आपसातलं लोटणं करतं, बाहेरून कुणी मारत नाही.

लेकीच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. एक केंद्रक फुटलं की सुमारे 200 एमईव्ही ऊर्जा सुटते, ती न्यूट्रॉनने आणलेली नाही. युरेनियमच्या आत ती ताणून बांधलेल्या स्प्रिंगसारखी पडूनच होती. हे पहिल्यांदा कळलं तो प्रसंग तिला जरूर सांगा. डिसेंबर 1938. बर्लिनला हान आणि स्ट्रासमान या रसायनशास्त्रज्ञांना न्यूट्रॉन सोडलेल्या युरेनियममध्ये बेरिअम सापडलं आणि त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना. हान यांनी आपल्या जुन्या सहकारी, भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइट्नर यांना पत्र लिहिलं. त्या ज्यू घरातल्या, त्याच वर्षी नाझी जर्मनीतून पळून स्वीडनला गेलेल्या. नाताळात त्यांचा भाचा ओटो फ्रिश भेटायला आला होता. दोघं बर्फात फिरायला निघाले, तो स्कीवर, त्या पायी. वाटेत पडलेल्या झाडाच्या खोडावर बसून त्यांनी कागदाच्या कपट्यावर हिशोब मांडला. थेंब फुटला तर दोन तुकडे विजेने एकमेकांना लोटतील, ती ऊर्जा किती? सुमारे 200 एमईव्ही. मग माइट्नर यांनी दुसरीकडून मोजलं: दोन तुकड्यांचं मिळून वस्तुमान मूळापेक्षा प्रोटॉनच्या पाचव्या हिश्शाएवढं कमी भरतं, आणि आइन्स्टाइनच्या सूत्राने त्याचे किती? पुन्हा 200. दोन वाटांनी एकच आकडा आला. साठ वर्षांच्या, घरदार सुटलेल्या बाईने थंडीत खोडावर बसून केलेला हा हिशोब आहे. नोबेल पुढे एकट्या हान यांना मिळालं. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते प्रत्येक पोराला सांगतो.

200 म्हणजे किती, ते एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या कोळशाशी ताडून बघा. कार्बनचा एक अणू जळला की 4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात. युरेनियमचा एक अणू फुटला की त्याच्या 5 कोटी पट.

आता न्यूट्रॉन मंद करायचा कसा? गोट्या खेळलात ना? गोटी ऐरणीवर आपटली तर तेवढ्याच वेगाने परत येते. गोटी गोटीवर सरळ बसली तर मारलेली जागीच थांबते, दुसरी पळते. न्यूट्रॉनला थांबवायला त्याच्याएवढीच गोटी हवी, म्हणजे हायड्रोजन, म्हणजे पाणी. पाण्यात अठरा-वीस टकरांत तो मंद होतो. कार्बनमध्ये शंभरावर टकरा लागतात. पण साधं पाणी काही न्यूट्रॉन स्वतःच गिळतं. नैसर्गिक युरेनियममध्ये 235 आहे शेकडा 0.7, बाकी बहुतेक 238. एवढ्या गरीब इंधनाला न्यूट्रॉनची उधळपट्टी परवडत नाही. म्हणून दोन वाटा: इंधनात 235 वाढवा आणि साधं पाणी वापरा, किंवा इंधन आहे तसं ठेवा आणि जड पाणी (ज्यातला हायड्रोजन जड असतो) वापरा. जड पाण्यात टकरा जास्त लागतात, पण ते न्यूट्रॉन जवळजवळ गिळतच नाही. तारापूरला एकाच आवारात दोन्ही आहेत. 1969 ची पहिली दोन युनिटं साध्या पाण्यावर, तिसरं-चौथं जड पाण्यावर.

एक गोष्ट कुठल्या वहीत नसते, पण माझी सगळी नोकरी तिच्यावर झाली. फुटताना सुटणारे बहुतेक न्यूट्रॉन लगेच बाहेर पडतात. हजारातले साडेसहा मात्र मागे राहतात. ते तुकड्यांतून नंतर निघतात, काही सेकंदांनी, काही मिनिटभराने. हे उशिरा येणारे नसते तर साखळी, म्हणजे एका फुटण्यातून पुढचं फुटणं, इतक्या झटकन चढली-उतरली असती की माणसाला न्यूट्रॉन गिळणारी कांडी वर-खाली करून ती सांभाळताच आली नसती. अणुभट्टी नेहमी अशी चालवतात की या साडेसहांची वाट बघितल्याशिवाय साखळी पुढे जाऊच नये. रात्रपाळीला स्टार्टअप असला की मी मीटरची सुई हळूहळू चढताना बघायचो, आणि ती हळूहळू चढते ती यांच्यामुळे, हे मनात असायचं.

कांदेवाली (लासलगाव)

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' केंद्र आहे. 2002 पासून तिथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरण देतात. 2007 मध्ये अमेरिकेला आंबे गेले ते याच केंद्रातून. माझे सासरे कांदा किरणोत्सारी होतो म्हणून तो खायला नको म्हणायचे. न्यूट्रॉनचा आणि याचा काही संबंध आहे का? आणि ते 'बार्न' म्हणजे कांद्याची चाळच ना?

निवृत्त पाळीवाला (गंगापूर रोड)

ताई, संबंध आहे, आणि तो या धाग्याची दुसरी बाजू आहे. न्यूट्रॉन सामील झाल्यावर फुटणं हे मोजक्या जड केंद्रकांच्याच नशिबी. बाकी बहुतेक त्याला नुसती ठेवून घेतात. तुमच्या केंद्रात कोबाल्ट-60 असतो. साधा कोबाल्ट-59 अणुभट्टीत ठेवायचा, त्याच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन शिरतो, झाला 60. थेंब फुटत नाही, कारण 27 प्रोटॉनचं लोटणं त्यासाठी अगदीच तोकडं. पण तो अस्वस्थ होतो आणि पुढची कित्येक वर्षं गॅमा किरण सोडत राहतो. दर सव्वापाच वर्षांनी त्याचा जोर निम्मा होतो.

सासऱ्यांना सांगा, कांद्यावर न्यूट्रॉन पडतच नाहीत, पडतात ते गॅमा, 1.17 आणि 1.33 एमईव्हीचे. कांद्यातल्या पाण्यात सगळ्यात सैल बांधलेलं केंद्रक जड हायड्रोजनचं. ते सुटं करायलाही 2.2 लागतात. कांद्याच्या एकाही केंद्रकाला त्या किरणांनी धक्का लागत नाही. मोडाच्या पेशी वाढायच्या थांबतात, बस.

बार्न म्हणजे चाळ, बरोबर ओळखलंत. 1942 मध्ये अमेरिकेतल्या भौतिकवाल्यांनी ते नाव ठेवलं. केंद्रकाच्या मानाने एवढं लक्ष्य म्हणजे कोठाराएवढं मोठं, म्हणून.

घणावरचा (सातपूर)

आज साप्ताहिक सुट्टी. सकाळी शेजारच्या काकूंकडून अळूचं पान मागून आणलं. ड्रॉपरने थेंब टाकून पोरगी अर्धा तास पान हलवत होती. बारका थेंब काही केल्या फुटत नाही, नुसता पळतो. मोठा केला की जरा हलवला तरी दोन. ती म्हणाली, "हा लोखंड आणि हा युरेनियम." वहीत तिने 'मारा' खोडून 'न्यूट्रॉन सामील होतो' लिहिलंय. परीक्षेत पुस्तकातलंच लिही म्हणून सांगितलंय, पण वहीत राहू दे.

शेवटचं एक विचारते आहे. एक न्यूट्रॉन आला की पुढचे सुटतात. मग सगळ्यात पहिला कुठून येतो?

निवृत्त पाळीवाला (गंगापूर रोड)

नवी भट्टी पहिल्यांदा सुरू करताना आम्ही आत मुद्दाम न्यूट्रॉन देणारा स्रोत ठेवतो, म्हणजे मीटरवर पहिल्यापासून काही दिसतं आणि आंधळेपणाने चढावं लागत नाही. पण तिला सांगा, तो नसता तरी पहिला न्यूट्रॉन आलाच असता. 1940 मध्ये फ्ल्योरोव्ह आणि पेत्र्झाक या दोन रशियन तरुणांना युरेनियम आपोआपही फुटताना दिसला. आकाशातून येणाऱ्या किरणांचा तर हा खेळ नाही ना, म्हणून त्यांनी उपकरण मॉस्कोच्या मेट्रोच्या भुयारी स्टेशनात नेऊन पुन्हा बघितलं. तिथेही तेच. घाट न चढता बोगद्यातून पलीकडे निघावं तसं एखादं केंद्रक कधीतरी पलीकडे जातं. एक किलो 238 मध्ये सेकंदाला सुमारे सात केंद्रकं अशी फुटतात, कुणीही हात न लावता.